‘रू’ला आळण म्हणावे का? केजन कोळंबीच्या पाककृतींतील काही शब्द

प्रश्न

अमेरिकेतील लुईझियाना राज्यात घरोघरी होणाऱ्या केजन पद्धतीच्या कोळंबीच्या काही पाककृती मी मराठी वाचकांसाठी लिहीत आहे. गम्बो (दाटसर रस्सा), जांबालाया (मसालेदार भात) ही पदार्थांची नावे तशीच ठेवायची हे ठरले आहे. अडचण कृतीतील शब्दांची आहे. ‘रू’ (तेलात भाजलेले पीठ), ‘एटुफे’ (झाकण ठेवून शिजवलेला दाट रश्शाचा प्रकार), ‘ब्लॅकन्ड’ आणि ‘होली ट्रिनिटी’ यांसाठी आपल्या स्वयंपाकघरात रुळलेले शब्द सुचवावेत. ‘रू’साठी मला ‘आळण’ सुचले आहे. तसेच केजन, काजुन, कॅजुन यांपैकी कोणते लेखन स्वीकारावे?

प्रतिसाद

लेखन ‘केजन’ असेच करावे, कारण उच्चाराला ते सर्वांत जवळचे आहे. हे मुळात एका समाजाचे नाव आहे, हे लेखात आरंभीच सांगितले तर बरे. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया आणि आसपासचा प्रदेश म्हणजे पूर्वीचा अकादिया. तेथील फ्रेंचभाषक वसाहतवाल्यांना ब्रिटिशांनी १७५५पासून हद्दपार केले आणि त्यांतील अनेक कुटुंबे १७६०च्या दशकापासून लुईझियानाच्या पाणथळ भागात येऊन स्थिरावली. ‘अकादियँ’चे बोलण्यात ‘काद्यँ’ झाले आणि इंग्रजीच्या तोंडी ते ‘केजन’ झाले. आपल्याकडे हा शब्द प्रथम भेटतो तो मसाल्याच्या पाकिटावर, त्यामुळे केजन म्हणजे तिखट असा समज होतो. केजन स्वयंपाकात मिरची असते, परंतु त्याची खरी ओळख भाजलेल्या पिठाच्या आणि मंद आचेवर मुरलेल्या कांद्याच्या चवीत आहे. म्हणूनच तुमच्या यादीत ‘रू’ सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आळण आणि रू यांचे काम वरवर पाहता एकच, म्हणजे पातळ पदार्थ मिळून येण्यासाठी पीठ लावणे. पण क्रम पाहा. अळूच्या फतफत्याला किंवा ताकातल्या पालेभाजीला आपण डाळीचे पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून लावतो. फोडणी आधी झालेली असते, पीठ मागाहून येते आणि उकळत्या पदार्थात शिजते. रूमध्ये सर्व उलटे आहे. साधारण समप्रमाणात तेल आणि मैदा जाड बुडाच्या भांड्यात घालून, हात न थांबवता, मंद ते मध्यम आचेवर पीठ भाजायचे असते. गडद रंग हवा असेल तर त्याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, आणि तळाला एक काळा ठिपका जरी दिसला तरी कडवटपणा साऱ्या पदार्थात उतरतो म्हणून सगळे टाकून पुन्हा आरंभ करावा लागतो. पीठ मनासारखे झाले की त्यातच चिरलेला कांदा पडतो. त्या ओल्या कांद्याने पिठाचे तापमान उतरते आणि रंग पुढे जायचा थांबतो. आपल्याकडे कांदा तांबूस झाला की पुढचे जिन्नस पडतात, तेथे पीठ तांबूस झाले की कांदा पडतो.

रंगांसाठी मात्र मराठी शब्द हाताशी आहेत आणि ते आवर्जून वापरावेत. एटुफेसाठी बदामी रू पुष्कळदा पुरतो. गम्बोसाठी विटकरीच्या पुढे, चॉकलेटी रंगापर्यंत जातात. पीठ जितके गडद तितकी त्याची दाटपणा आणण्याची शक्ती कमी होते, कारण उष्णतेने त्यातील पिष्टाची मोडतोड झालेली असते. म्हणजे चॉकलेटी रू मुख्यतः चवीसाठी असतो. केवळ दाटपणा सांगणारा ‘आळण’ हा शब्द येथे अपुरा पडतो, असे माझे मत आहे.

‘होली ट्रिनिटी’ म्हणजे कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. नावामागे कॅथलिक श्रद्धा आहे. मराठी ख्रिस्ती बांधव त्या संकल्पनेला ‘पवित्र त्रैक्य’ म्हणतात. एकदा तसा उल्लेख करून पुढे ‘त्रिकूट’ वापरावे. सेलरीसाठी ‘अजमोदा’ लिहू नये, कारण तो शब्द वाचून माणूस बियांसाठी काष्ठौषधीच्या दुकानात जाईल. येथे हवेत कोवळे दांडे.

दुसरा प्रतिसाद

आळणाविषयीचे मत मला पूर्ण पटले नाही. पिठल्यासाठी कोरडे डाळीचे पीठ फोडणीच्या तेलात खमंग परतून मग पाणी घालणारी घरे आहेतच. तेथे पीठ आधी भाजले जाते आणि चवीसाठीच भाजले जाते. नवा शब्द वाचकाच्या गळी उतरवण्यापेक्षा ‘भाजलेले आळण’ म्हटले तर काय बिघडेल? शिवाय कोळंबीचे काय? ‘श्रिम्प’साठी करंदी, कोळंबी की आणखी काही?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

तुमचा आक्षेप रास्त आहे. बदामी रूच्या बाबतीत ‘भाजलेले आळण’ चांगले शोभेल. गडद रूच्या बाबतीत मी ‘रू’ हाच शब्द ठेवीन आणि प्रथम येईल तेथे ‘तेलात खरपूस भाजलेला मैदा’ असे लिहीन. फ्रेंचमध्येही हा शब्द मुळात तांबूस रंगाचा वाचक आहे, दाटपणाचा नव्हे, हेही याच बाजूने बोलते.

‘श्रिम्प’ म्हणजे नेमाने कोळंबी. ब्रिटिश वापरात हा शब्द लहान जातींसाठी असल्याने अनुवादक करंदी किंवा जवळा लिहिण्याच्या मोहात पडतो. परंतु अमेरिकी वापरात लहान-मोठी सारी कोळंबी त्यात येते, आणि मेक्सिकोच्या आखातातील तपकिरी व पांढरी कोळंबी चांगली मोठीही असते. तेथील पाककृतीत ‘१६/२०’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅममध्ये, सोळा ते वीस नग बसतील एवढी मोठी कोळंबी. मराठीत हा आकडा उलगडून सांगावा. कोळंबी सोलून दोरा काढला की डोकी आणि साली टाकू नका असेही लिहावे, कारण त्या उकळून गाळलेले पाणीच पुढे रश्शाला घालायचे असते.

‘एटुफे’ हा शब्द ‘गुदमरवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. मराठीत तो शब्दशः आणला तर अभद्र होईल. ‘दम देणे’ अर्थाने जवळ आहे, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे त्याने कणकेने लिंपलेली बिर्याणीची हंडी उभी राहते. ‘झाकण ठेवून अंगच्या पाण्यावर शिजवणे’ हे मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्रिकूटातील भाज्या तशाच शिजतात. कोळंबी मात्र शेवटच्या काही मिनिटांत पडते. ती वळून अर्धचंद्रासारखी झाली की आच बंद करावी, पूर्ण कडे झाले तर ती चिवट झाली असे समजावे.

बाजारातल्या ताज्या भाज्यांविषयी लिहिणार असाल तर भेंडीला विसरू नका. ‘गम्बो’ हे नाव बांटू भाषांतील भेंडीच्या नावावरून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि लुईझियानातील फ्रेंचमध्ये भेंडीलाच ‘गोंबो’ म्हणतात. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांचा या स्वयंपाकातील वाटा त्या एका शब्दात दिसतो, आणि तो लेखात यायलाच हवा. भेंडी आधी वेगळी परतून तिची तार मोडली तर रस्सा बुळबुळीत होत नाही; हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही.

राहिला ‘ब्लॅकन्ड’. हा प्रकार जुन्या केजन घरांतला नाही. लुईझियानातील प्रसिद्ध शेफ पॉल प्रुडोम यांनी १९७९मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये ‘के-पॉल्स’ हे उपाहारगृह उघडले आणि त्यांच्या ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ने तो प्रसिद्ध केला, त्या माशाची मागणी इतकी वाढली की १९८०च्या दशकात त्याच्या मासेमारीवर निर्बंध आणावे लागले. वितळलेल्या लोण्यात बुडवून, मसाल्यात घोळवून, अतिशय तापलेल्या बिडाच्या तव्यावर भाजणे ही ती कृती. ‘करपवलेली’ म्हटले तर दोष वाटतो आणि ‘काळ्या मसाल्याची’ म्हटले तर आपला भाजलेल्या खोबऱ्याचा मसाला आठवतो. येथे काळा होतो तो वरचा मसाला आणि लोण्यातील घट्ट अंश, आतले मांस नव्हे. म्हणून शीर्षकात ‘ब्लॅकन्ड कोळंबी’ ठेवून कृतीत ‘बिडाच्या तव्यावर मसाला काळपट होईपर्यंत भाजलेली’ असे लिहावे, आणि खिडक्या उघड्या ठेवण्याची सूचना जिन्नसांच्या यादीआधी द्यावी.