दुर्घटनेनंतर नुसती प्रार्थना करून कुणाचं काही भलं होतं का?

रातपाळी

मी पॅकिंग विभागात आहे, बहुतेक रात्रीच्या शिफ्टला. काही महिन्यांपूर्वी आमच्या मागच्या इमारतीत आग लागली. ज्वाळा थोड्या, धूर फार. मागून उतरायला जिना होता, पण खालच्या दाराला बाहेरून कुलूप. का, तर म्हणे माल चोरीला जातो. आमच्यातला एक जण त्या दाराशीच सापडला. त्याच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गेटसमोर मेणबत्त्या लागल्या, दोन मिनिटं मौन झालं, सामुदायिक प्रार्थना झाली. ग्रुपवर साहेबांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांचे जोडलेले हात. मीही जोडले, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा बरं वाटलं. साहेबांनी लिहिलं, ‘या कठीण प्रसंगी आमच्या प्रार्थना कुटुंबीयांसोबत आहेत.’ कुलपाबद्दल अवाक्षर नाही.

आता त्या दाराला नवं कुलूप आलंय. चांगलं पितळी. जिन्याच्या वळणावर परत खोके रचलेत, कमरेइतके उंच. मी विषय काढला तर सुपरवायझर म्हणतो, ‘अरे, सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली ना त्याच्यासाठी? आता किती दिवस तेच उगाळत बसणार?’

तेव्हापासून कुणी प्रार्थना म्हटलं की माझं डोकं फिरतं. आई म्हणते, प्रार्थना कधी वाया जात नाही. तिच्याशी भांडायचं नाही मला. पण पुढे काहीच करायचं नसेल, तर त्या प्रार्थनेचा कुणाला उपयोग होतो का? देव आहे की नाही यावर कृपया गाडी नेऊ नका, त्यासाठी इथे ढीगभर धागे पडलेत.

सरळवळण

नाही होत. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ यातला प्रकार आहे हा. फरक इतकाच की खाटल्यावर साहेब बसलाय आणि जिन्यात तुम्ही अडकणार आहात. अमेरिकेत प्रत्येक गोळीबारानंतर पुढारी ‘आमच्या सद्भावना आणि प्रार्थना’ म्हणतात, आणि आता ते वाक्य ऐकलं की मेलेल्या मुलांचे आईबापच चिडतात. उलट न्यूझीलंड बघा. क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये १५ मार्च २०१९ ला ५१ माणसं मारली गेली आणि महिना उलटायच्या आत संसदेने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घातली. ११९ विरुद्ध १ मतांनी. करायचं असलं की होतं.

आकडेमोड

प्रश्नाचे दोन तुकडे करावे लागतील. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याला उपयोग होतो का, आणि जो करतो त्याचं काय होतं.

पहिल्यावर सगळ्यात मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. बायपास झालेले सुमारे १८०० रुग्ण, सहा रुग्णालयं. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. ज्यांना ‘तुमच्यासाठी होईल किंवा होणारही नाही’ एवढंच सांगितलं होतं, त्यांच्यात काही फरक दिसला नाही. मात्र ज्यांना ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार’ असं सांगितलं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच निघाली, त्यांच्यातल्या ५९ टक्के जणांना. तो योगायोग असू शकतो, त्यावरून प्रार्थना बाधते असं कुणी म्हणू नये.

तुमच्या सुपरवायझरच्या बोलण्याशी दुसरा तुकडा जास्त जुळतो. लिंडा थुनस्ट्रॉम नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी वादळग्रस्तांना देणगी देण्याबद्दल प्रयोग केले. आधी प्रार्थना करायला लावलेल्या श्रद्धाळू लोकांनी नंतर पैसे कमी दिले. आपला वाटा उचलून झाला, असं मनाला वाटत असावं. म्हणजे प्रार्थना करणारा ढोंगी असायची गरज नाही. तो मनापासून करतो आणि मनापासूनच घरी जातो.

उंबरठा

वरचं वाचून गप्प बसवेना, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर गेला. नंतरच्या दिवसांत घरी दोन प्रकारच्या प्रार्थना आल्या. आमच्या शेजारच्या आजी रोज दुपारी यायच्या आणि आईजवळ भिंतीला टेकून बसायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. ‘देवाची इच्छा’ वगैरे एकदाही म्हणाल्या नाहीत. जाताना आईच्या पाठीवरून हात फिरवायच्या, बस. आईला झोप लागायची ती त्या बसलेल्या असतानाच. माझा स्वतःचा कशावर विश्वास नाही, पण त्यांच्या येण्याने काही झालं नाही असं मला कुणी सांगू नये.

दुसरी प्रार्थना पत्रातून आली. छापील पत्र, मजकूर तयार, नावापुरती जागा रिकामी ठेवलेली, त्यात पेनाने भावाचं नाव घातलेलं. तेही चुकीचं. ‘आम्ही आपल्या दुःखात सहभागी असून दिवंगत आत्म्यास शांती लाभो अशी प्रार्थना करतो.’ पाठवणारे तेच, ज्यांच्या टेबलावर त्या क्रॉसिंगला फाटक हवं म्हणून अर्ज पडून होता. बाबांनी ते पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून शिवी ऐकली.

आता सांगा, या दोन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजायचं? आजींच्या हातात फाटक नव्हतं. त्यांच्याकडे होतं ते सगळं त्यांनी आणून दिलं. पत्रवाल्यांच्या हातात फाटक होतं आणि त्यांनी प्रार्थना पाठवली. म्हणून ‘प्रार्थनेने फायदा होतो का’ असं मोघम विचारून उत्तर मिळणार नाही. करतो कोण, आणि दुसरं काय करणं त्याच्या हातात होतं, ते बघावं लागतं. तुमचा कँटीनवाला आणि तुमचे साहेब यांचे जोडलेले हात सारखे दिसतात, पण चावी एकाकडेच आहे.

तुमच्या आईचं ऐका, त्या बरोबर बोलतायत. फक्त त्यांचं वाक्य साहेबांना वापरू देऊ नका.

जुनी_कात्रणं

उंबरठा यांच्याशी सहमत, एक भर घालतो. बंद दारावरून आठवलं.

२५ मार्च १९११. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, १४६ कामगार गेले. बहुतेक परदेशातून आलेल्या तरुण पोरी. नवव्या मजल्यावर जिन्याच्या एका दाराला कुलूप होतं, आणि ते घालण्यामागे मालाच्या चोरीची भीती हेच कारण दिलं जायचं. तुमच्या कंपनीने शंभर वर्षांत नवं कारणसुद्धा शोधलं नाही म्हणायचं.

आठवड्याभराने तिथल्या ऑपेरा हाउसमध्ये मोठी शोकसभा झाली. सगळे हळहळत होते, ठराव मांडत होते. तेव्हा रोझ श्नाइडरमन नावाची कामगार संघटनेतली बाई उठली आणि म्हणाली की मी इथे गोडगोड बोलले तर त्या जळालेल्या देहांशी बेइमानी होईल. तुम्हा भल्या लोकांना आम्ही पारखून घेतलंय आणि तुम्ही कमी पडलात, असं तिने तोंडावर सांगितलं. मालक पुढे खटल्यातून सुटले. पण चौकशी आयोग बसला, काही वर्षांत तीसहून जास्त कायदे झाले, काम चालू असताना दारांना कुलूप लावायला बंदी आली. त्या दिवशी रस्त्यावरून आग बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. पुढे १९३३ साली त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या.

आता सरळवळण यांच्यासाठी. नुसतं जमणं आणि हात जोडणं नेहमीच फुकट जातं असंही नाही. तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना व्हायची, आणि ९ ऑक्टोबर १९८९ ला त्याच प्रार्थनेनंतर सुमारे ७०,००० लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या राहत्या इमारतीला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. तिथले लोक दर महिन्याच्या १४ तारखेला एक शब्द न बोलता चालू लागले. ना घोषणा, ना भाषण. आणि पुढच्या महिन्यात ते परत येणार हे ठरलेलं असायचं.

सरळवळण

लाइपझिगचं मान्य. पण ते चर्चमधून बाहेर पडले म्हणून. आत बसून राहिले असते तर आज तुम्ही त्यांचं उदाहरण दिलं नसतंत.

जुनी_कात्रणं

आणि आत जमलेच नसते तर सत्तर हजार माणसं बाहेर पडली असती कुठून? लोक एकमेकांना सापडायला काहीतरी निमित्त लागतं हो.

रातपाळी

सगळ्यांचे आभार. उंबरठा, तुमचं पत्राचं वाचून फोन बाजूला ठेवला काही वेळ.

कँटीनवाल्यावर राग धरण्यात अर्थ नाही, हे पटलं. सुपरवायझरवरचा तसाच आहे. आता त्या कुलपाबद्दल लेखी द्यायचं म्हणतोय. एकट्याने दिलं तर मी ‘कटकट्या’ ठरणार. कुणी असं काही केलंय का? काय लिहू?

जिना_मोकळा

अग्निसुरक्षेच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते.

पत्रात ‘हलगर्जीपणा’, ‘जबाबदार कोण’ असले शब्द नकोत. त्यांनी लोक बचावात जातात आणि दार तसंच राहतं. जे दिसतं तेवढंच लिहा. कुठलं दार, कुलूप आतून की बाहेरून, चावी कोणाकडे असते, आणि रात्रीच्या शिफ्टला तो माणूस आवारात असतो का. खोके जिन्याची किती रुंदी अडवतात ते टेपने मोजून टाका. तारखेसकट फोटो जोडा.

मागणी एकच ठेवा. दाराला आतून ढकलली की उघडणारी आडवी पट्टी बसवा, पॅनिक बार म्हणतात ती. शिकागोच्या इरॉक्वा थिएटरच्या आगीत १९०३ साली सहाशेवर माणसं गेली, कित्येक जण न उघडणाऱ्या दारांपाशी. त्या खेळाला जायचं ठरवून न गेलेला एक हार्डवेअर विक्रेता होता, प्रिन्झलर. अशी पट्टी बाजारात आणण्यामागे तो होता. ती बाहेरून बंदच राहते, त्यामुळे चोर आत येत नाही. माल आतून बाहेर जाईल अशी शंका असेल तर दार उघडताच वाजणारा अलार्म लावा. साहेबांचं कारण तिथेच संपतं.

सह्यांसाठी प्रार्थनेला जे जे आले होते त्यांच्याकडे आधी जा. ‘आपण त्या दिवशी आलो होतो ना, त्याचंच हे पुढचं’ इतकं पुरतं. सह्या गोलाकार घ्या, पहिलं नाव कुणाचं हे कळत नाही आणि एकटा कुणी सापडत नाही. कँटीनवाल्याची सही नक्की घ्या, त्याला सगळे ओळखतात.

दोन प्रती करा. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर तिथेच उभे राहा.