‘एल’ म्हणजे लेडीज का? लर्निंगवाल्यानं गाडीला पाटी लावावी की नाही

अंगणवाडीताई (धागा सुरू करणाऱ्या)

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, वय ४३. पोळ्याच्या आधी लर्निंग काढलं आणि सेकंडहँड स्कूटी घेतली. सकाळच्या एसटीचा भरवसा नाही आणि बीटच्या, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या सेविकांच्या, मीटिंगला उशीर झाला की चारचौघींत ऐकून घ्यावं लागतं.

लर्निंगवाल्याच्या गाडीला पुढं-मागं लाल ‘एल’ हवा, हे लर्निंगच्या परीक्षेत वाचलं होतं. म्हणून घरीच पाटी केली. निवडणुकीचा जुना फ्लेक्स होता, तो उलटा केला की पांढराशुभ्र. पाटी १८ सेंटीमीटरची पाहिजे आणि पोरीच्या कंपासमधली पट्टी १५ ची, त्यामुळं दोनदा मापून खूण केली. बैलांच्या शिंगांचा लाल रंग उरला होता, त्यानं ‘एल’ काढला. मागची पाटी आधी कॅरियरला बांधली तर लाल लाइट झाकला गेला. मग सोडून खाली तारेनं आवळली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरची पोट्टी म्हणाली, “काकू, एल म्हंजे लेडीज का?” सगळे खदखदून हसले. घरी आले तर हे म्हणतात, पाटी काढ, शिकून राहिली हे गावभर सांगायची काय गरज.

मला मात्र पाटीचा फरक जाणवला. पाटी नव्हती तेव्हा एका पिकअपवाल्यानं मागून असा हॉर्न दाबला की मी साइडपट्टीवरून सरळ तुरीत. पाटी लावल्यावर नाल्याच्या अरुंद पुलावर एसटीवाला चक्क थांबला आणि हातानं ‘या, या’ म्हणाला. मी काही चुकीचं करते का? स्पष्ट सांगा.

पांदणरस्ता

ताई, राग नका मानू. आमच्याकडे समदे पोट्टे पांदणीत शिकले. बापाची स्प्लेंडर, मागं चाऱ्याचा भारा, अन् पडलं तं काळ्या मातीत. कोणी लावला व्हता एल? मी सातवीत असताना शिकलो, आज ३१ चा हाय, अंगावर एक खरचटा नाई.

एल लावला म्हंजे दोन गोष्टी होतात. नाक्यावर पहिले तुमालेच थांबवतात, कारण पाटीनंच सांगतलं ना का हा कच्चा हाय. अन् पोट्टे मुद्दाम कट मारतात. पाटी नसली तं कोणाच्या ध्यानातबी येत नाई. दहा दिवसात हात बसते. तेवढ्यासाठी कायले तमाशा?

कोळसागाडी

सातवीत शिकलो हे सांगायची गोष्ट आहे का रे भाऊ? ज्याला लागलं तो सांगायला इथं येत नाही, एवढंच.

मी वणीकडून टिपर चालवतो, १४ वर्षं झाली. केबिनमधून काय दिसतं ते सांगतो. डाव्या बाजूला दाराच्या खाली आलेली टू व्हीलर मला दिसतच नाही, आरशात येईल तेव्हाच. समोर चाललेली दिसते, पण चालवणारा कसा आहे ते पाठीवरून कळत नाही. जुना माणूस खड्डा पाहून आधीच बाजूला होतो. नवा माणूस खड्ड्यापर्यंत जातो आणि कच्चकन ब्रेक मारतो, तोही पुढचा, आणि गिट्टीवर. ६० च्या स्पीडला माझी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. भरलेली गाडी आहे, स्कूटी नाही.

एल दिसला की मी ॲक्सिलेटरवरचा पाय उचलतो, हॉर्न वाजवत नाही. ताईंनी सांगितलेला पिकअपवाला ना, त्याला वाटलं असेल बाई बाजूला होत नाही. बाईला बाजूला होता येत नाही, हे त्याला कळायला काही खूण पाहिजे की नाही?

तालुका_कोर्ट

चर्चा कशाची चालली आहे तेच कळेना. लावावी की न लावावी हा प्रश्नच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम ३. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर, पाटी किमान १८ सेंमी चौरस, अक्षर किमान १० सेंमी उंच, २ सेंमी जाड, तळाशी ९ सेंमी रुंद. पुढे आणि मागे. ताईंनी मोजून केली, अभिनंदन. लर्निंग सहा महिने चालतं, ३० दिवसांनंतर पक्क्यासाठी अर्ज करता येतो. पाटी नसली तर सर्वसाधारण दंडाचं कलम १७७, पहिल्या वेळी ५००.

विम्याचं सांगतो, कारण लोक घाबरवतात. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं आहे की लर्निंग हेही लायसनच. फक्त लर्निंग होतं एवढ्या कारणावरून कंपनीला अपघातात नुकसान झालेल्या तिसऱ्या माणसाच्या भरपाईतून अंग काढून घेता येत नाही. पण त्याच नियमात आणखी एक अट आहे, ताईंनी ती सांगितली नाही. पक्कं लायसन असलेला माणूस सोबत हवा. ताई, तुमच्या मागे कोण बसतं?

अंगणवाडीताई

हे बसतात. म्हणजे सकाळी बसतात. कापूस वेचणी लागल्यापासून नेहमी नाही जमत. खोटं कशाला बोलू, मागच्या आठवड्यात दोनदा एकटी गेले.

पांदणरस्ता

आता बोला! पाटी कायद्यानं अन् गाडी बिनकायद्यानं 😄

पाना_नंबर_दहा

थांबा, हसू नका. ती अटच टू व्हीलरसाठी कशी आहे ते वाचा. नियम म्हणतो, शिकवणारा अशा जागी बसलेला हवा जिथून त्याला गाडी आवरता किंवा थांबवता येईल. कारमध्ये ठीक आहे, शिकवणीच्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक असतो. स्प्लेंडरवर मागच्या सीटवरून काय आवरणार? ब्रेक पुढच्याच्या उजव्या पायाखाली, दुसरा त्याच्या उजव्या हातात. मागचा फार तर ‘ब्रेक दाब, ब्रेक दाब’ ओरडू शकतो.

मी गॅरेजवाला आहे, दर दिवाळीनंतर वाकलेले हँडल आणि तुटलेले फुटरेस्ट माझ्याकडेच येतात. त्यातले निम्मे डबलसीट शिकताना पडलेले. नव्या माणसाला गाडीचाच तोल सांभाळत नाही, त्यात मागे सत्तर किलोचा दाजी, आणि तोही घाबरून डावी-उजवीकडे झुकणारा. दुसऱ्या कोणाला बसवायचं तर त्याच नियमात मनाई आहे, ती मात्र अगदी बरोबर.

म्हणून मी पाटीच्या विरोधात नाही, पण पाटीच्या भरवशाच्या विरोधात आहे. आधी बाजाराच्या मैदानात, बाजार नसेल त्या दिवशी, एकट्यानं आठाचा आकडा काढा. पाय न टेकवता दहादा जमला तर रस्ता पकडा. रस्त्यावर आलात तर पाटी लावाच. पण बारकं रेडियम नको. नंबर प्लेट २० बाय १० सेंमीची असते, एलची पाटी तिच्या दीडपटीहून मोठी होते. म्हणून लोक ती छोटी करतात किंवा नंबरावरच चिकटवतात. नंबर झाकला की तो वेगळाच गुन्हा.

रेडियम_आर्ट

माझं दुकानच हे आहे. बारा वर्षांत टू व्हीलरसाठी एल मागायला आलेली माणसं बोटांवर मोजता येतील. कारवाले येतात, तेही तीन इंचाचा मागतात, ‘शोभला पाहिजे’ म्हणून. बाइकवाल्याला काय पाहिजे? राजे, माऊली, शेतकरी, पोरीचं नाव, ‘आई-बाबांचा आशीर्वाद’. नव्या गाडीला पहिल्याच दिवशी मागच्या मडगार्डवर वाघ. वाघाखाली एल कोण लावणार!

आणि एक वाईट वापर मी पाहिला. आठवीतल्या पोराला गाडी द्यायची आणि वरून एल चिकटवायचा, कोणी विचारलं तर ‘शिकून राह्यला साहेब’. दोघांना मी परत पाठवलं.

तालुका_कोर्ट

छान केलंत. १८ च्या आत फक्त १६ पूर्ण झालेल्याला, तेही बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी. पण बाजारातली साधी पेट्रोल स्कूटीसुद्धा शंभराच्या वर आहे, त्यामुळे ती सवलत कागदावरच उरली. पोरानं गाडी चालवली आणि काही गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९ अ: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. एल लावून यातलं काहीही टळत नाही.

बीएस्सी_सेकंड_इयर

सगळे काका लोक पाटीचे फायदे सांगत आहेत, म्हणून मी विरुद्ध बाजू सांगते. मी मुलगी आहे, कॉलेज गावापासून ११ किलोमीटर. मीही एल लावला होता, मोठा, नियमाप्रमाणे. दोनच दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन गाड्यांवर पाच मुलं, एक गाडी पुढे आणि एक बाजूला. पुढची मुद्दाम हळू करायची, बाजूची विचारायची ‘शिकवू का मॅडम’. मला हाफ क्लच करून हळू चालवणं तेव्हा जमत नव्हतं, गाडी तीनदा बंद पडली. दोन्ही बाजूंना कपाशीची पराटी आणि एकही माणूस नाही. शेवटी एक ट्रॅक्टर आला तेव्हा ते पळाले.

ट्रकवाले काका पाटी बघून अंतर ठेवत असतील, मला मान्य आहे. पण पाटी फक्त चांगल्या माणसालाच दिसते असं नाही ना. ‘हिला जोरात पळता येणार नाही’ हेही तीच सांगते. मी काढून टाकली आणि पक्कं लायसन मिळेपर्यंत बाबांशिवाय निघाले नाही. ताईंच्या स्टँडवरची मुलं नुसती हसली, ते नशीब.

कोळसागाडी

पोरी, हे मला सुचलंच नव्हतं. घरात दोन मुली आहेत, तरी नाही सुचलं.

पुसदकर_परदेशी

मूळचा पुसदचा, सध्या इंग्लंडात आहे. इथेही पाटी सक्तीचीच, १९३५ पासून. आपली १८ सेंमी ही या लोकांच्या ७ इंचांचीच मेट्रिक आवृत्ती दिसते! पण इथे फक्त पाटीवर सोडत नाहीत. आधी मैदानातलं आणि मग रस्त्यावरचं प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करायचं, त्याचा दाखला दोन वर्षं चालतो. तोवर १२५ सीसीपर्यंतच गाडी, मोटरवेवर बंदी, आणि मागे कोणालाच बसवायचं नाही. शिकवणारा स्वतःच्या गाडीवर मागून येतो आणि हेल्मेटमधल्या रेडिओवर सूचना देतो. गॅरेजवाल्या भाऊंची अडचण इथे अशी सोडवली आहे. पलीकडे उत्तर आयर्लंडात तर पास झाल्यावरही वर्षभर ‘आर’ची पाटी लावतात.

इथेही पोरं कट मारतातच, पण पाटी काढून फिरणारा क्वचित दिसतो.

पांदणरस्ता

रेडिओवाला मास्तर आमच्या गावात? फवारणीले माणूस भेटत नाई दादा, पाचशे रोज देऊन. परिवहनवाल्याईचा कॅम्प तालुक्याले येते तेव्हा आठ काढा अन् घरी जा, एवढंच आपलं शिक्षण. लर्निंग तं आता आधार टाकून घरबसल्या निघते. माह्या चुलतभावाची परीक्षा त्याच्या पोरीनं देली.

पण त्या कॉलेजवाल्या ताईची गोष्ट वाचली अन् माहं एक म्हणणं मागं घेतो. पोट्टे कट मारतात म्हून पाटी लावू नका, असं मी लेय सहज लिवून गेलो. पाटी नाई, पोट्टे चुकतात. तरी गावात मी लावणार नाई, अन् बायकोलेबी नाई लावू देणार.

अंगणवाडीताई

‘नाही लावू देणार’ हे तिला विचारून लिहिलंत का भाऊ?

सगळ्यांचं वाचलं. एकटी जाणं चुकीचं, ते बंद. ह्यांना जमेल त्या दिवशी गाडी, नाही तर एसटी, उशीर झाला तर झाला. मैदानाचं बरोबर आहे, बुधवारी बाजार उठला की आठ काढून पाहिला. पाचव्या वेळी जमला, तोपर्यंत दोनदा पाय टेकले आणि एकदा कांद्याच्या टरफलांवर घसरले.

कॉलेजच्या पोरी, तुझं वाचून मला रात्री झोप नाही लागली. तुझ्या जागी असते तर मीही काढली असती, पुढच्या वळणावरच. माझं वय मला सांभाळून घेतं. स्टँडवरच्या त्या पोरांतली दोघं माझ्याच अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठी झाली आहेत. काल मी गाडी थांबवून त्यांना विचारलं, “एल म्हणजे काय ते सांगू का तुमच्या आईला?” एकानं मान खाली घातली, दुसरा म्हणाला, “ताई, मागची तार ढिली झाली,” आणि आवळून दिली.

पाना_नंबर_दहा

मग पाटी राहते की जाते?

अंगणवाडीताई

राहते. कॅम्पची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तोवर तरी. फक्त शिंगांचा रंग दहिवरानं ओघळून राहिला आहे, एलचा खालचा पाय पार पसरला. ऑइलपेंटचा लाल डबा आर्णीहून आणायला सांगितला आहे.