विषय: २० तारखेचा हॉल आणि शेवटची बस

प्रेषक: मृणाल (ओस्टश्टाट, कार्ल्सरुहे, जर्मनी)

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या गणपतीचं पत्रक आत्ता पाहिलं. हॉल पुन्हा तो चढावरचाच. पत्ता आहे, 'पार्किंग मुबलक' आहे, पण गाडीशिवाय कसं यायचं याची एक ओळही नाही. रविवारचं वेळापत्रक मी काढून बघितलं. हॉलपासून खाली एस-वन ट्रामच्या स्टेशनला येणारी शेवटची बस १८:३८ ला आहे. पत्रकात आरती १९:०० ला, जेवण त्यानंतर.
आम्ही चौघं, एक बाबागाडी, आणि सासूबाई नाशिकहून आल्यात. त्यांचे गुडघे दुखतात, तो उतार त्यांना चालवणार नाही. कोणाला दुसरा रस्ता माहीत असेल तर सांगा.

प्रेषक: संतोष

मृणाल, दरवर्षी लिफ्टची यादी निघते, यंदाही निघेल. १५ तारखेपर्यंत नाव टाक. आजवर सगळे पोचलेत आणि सगळे परत आलेत.
हॉलबद्दल बाकीच्यांसाठी एकदाच लिहितो. शहरातले हॉल आम्ही पाहिले. एका ठिकाणी बाहेरचं जेवण चालत नाही, दुसरीकडे स्वयंपाकघर नाही, तिसऱ्याचं भाडं आपल्या तिप्पट. वरच्या हॉलला मोठं स्वयंपाकघर आहे, शेजारी घरं नाहीत, ढोल वाजवता येतो. फेब्रुवारीच्या सभेत हे सांगून झालंय. सभेला जे होते त्यांना आठवत असेल.

प्रेषक: ओंकार

संतोषदादा, 'सगळे परत आले' याबद्दल. गेल्या वर्षी आम्ही विद्यार्थी मोबाइलच्या उजेडात खाली चालत आलो. रस्त्याला फूटपाथ नाही, वळणावर गाड्या जोरात येतात. यादीत आमची नावं होती, पण आवराआवर संपेपर्यंत ज्यांच्या गाडीत जागा होती ते निघून गेले होते. लहान मुलं असतात, त्यांना निघावं लागतं, हे समजतं. पण खुर्च्या लावायला आणि उचलायला आम्हीच शेवटपर्यंत थांबतो, आणि शेवटची बसही आमचीच चुकते.
ढोल यंदाही आम्हीच आणतोय, ट्राममधून.

प्रेषक: विद्या

ओंकार, तुम्ही असे चालत आलात हे मला आज कळतंय. फोन का नाही केलास रे?
मृणाल, तुला लिफ्ट मी आनंदाने देईन, पण धाकट्यासाठी सीट लागेल. आमच्या गाडीत आता किंडरझिट्झ (लहान मुलांची सीट) नाही, मुलं मोठी झाली. मुलाला बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा त्याची उंची दीडशे सेंटीमीटर होईपर्यंत सीटशिवाय बसवता येत नाही. अंतर पाच मिनिटांचं असलं तरी नियम तोच. लिफ्टच्या यादीत हा रकाना कधीच नसतो. किती माणसं ते विचारतात, त्यात किती लहान ते विचारत नाहीत. दिवाळीच्या वेळी पार्किंगमध्ये जो गोंधळ झाला तो याच कारणाने, सगळ्यांना आठवतोय.

प्रेषक: प्रसाद

मला एक कळत नाही. दोन मुलं, आईवडील येऊन-जाऊन, मग एक जुनी गाडी का घेत नाही? आम्हीही पहिली काही वर्षं काढली गाडीशिवाय, पण घेतल्यावर आयुष्य बदललं. श्वार्त्सवाल्डात (ब्लॅक फॉरेस्टमध्ये) कधीही जाता येतं.

प्रेषक: रश्मी

प्रसाद, गाडी घेणं सोपं आहे. लायसन्सचं काय?
इथे राहायला आल्यापासून सहा महिने आपलं भारतातलं लायसन्स चालतं. नंतर नाही. ज्या देशांचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं त्यांच्या यादीत भारत नाही, म्हणून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावे लागतात. वर भाषांतर, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स. एक सवलत आहे: आधीचं लायसन्स असलं की ठरावीक तासांची सक्ती नसते. पण प्रॅक्टिकलला गाडी आणि शिक्षक फारशूलेचाच (ड्रायव्हिंग स्कूलचाच) लागतो आणि ते बाहेरचा उमेदवार लगेच घेत नाहीत. थिअरी इंग्रजीत देता येते. तीस प्रश्न, दहापेक्षा जास्त दोषगुण झाले की नापास.
पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेल्या माझ्या नवऱ्याला इथे पहिल्या प्रॅक्टिकलला नापास केलं. 'उजवीकडून येणाऱ्याला आधी' हा नियम डोक्यात होता, पायात उतरला नव्हता. त्याला गाडी चालवता येत नाही असं कोणी म्हणू नये.

प्रेषक: प्रसाद

रश्मी, उजवीकडच्या नियमासाठी सांगतो. परीक्षेच्या आधी ज्युडश्टाट भागातल्या ताशी तीस किलोमीटरच्या झोनमध्ये रविवारी सकाळी फिरवायला सांगा. रस्ते मोकळे असतात, सिग्नल नाहीत, प्रत्येक चौकात उजवीकडे मान वळवायची सवय लागते. परीक्षकाला मान वळलेली दिसली पाहिजे, नुसते डोळे फिरवून भागत नाही. आणि सायकलवाल्यांसाठी वळताना खांद्यावरून मागे बघणं. आपली बरीच माणसं तिथेच नापास होतात.

प्रेषक: आनंद

मंडळी, जुना माणूस म्हणून थोडं लिहितो.
मी आलो तेव्हा ब्रेटन गावाहून शहरात यायचं तर आगगाडीने हाउप्टबानहोफला (मुख्य स्टेशनला) उतरायचं आणि तिथून ट्राम धरायची. हाउप्टबानहोफ १९१३ मध्ये शहराच्या दक्षिणेला हलवलेलं, मार्क्टप्लात्स या शहराच्या मधल्या चौकापासून लांब. त्या एका बदलापायी लोक गाडी काढत. २५ सप्टेंबर १९९२ ला ब्रेटनची गाडी थेट काइझरश्ट्रासे या शहरातल्या मुख्य रस्त्यावर आली. तीच ट्राम शहरात ७५० व्होल्ट डीसीवर चालते आणि बाहेर पडली की रेल्वेच्या १५ हजार व्होल्ट एसीवर. मी इलेक्ट्रिकलचा माणूस, पहिल्या आठवड्यात ती गाडी बघायला मुद्दाम ब्रेटनला जाऊन आलो होतो. इथल्या वाहतूक कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डीटर लुडविग यांनी ते घडवून आणलं, आणि जगभरात त्याला कार्ल्सरुहे मॉडेल म्हणतात. प्रवाशाला उतरून दुसरी गाडी धरायला लावायची नाही, एवढीच मूळ कल्पना.
मोटारगाडी बनवणारा कार्ल बेन्झही इथलाच, म्युलबुर्गमध्ये १८४४ साली जन्मलेला. म्हणून या गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटणारच.

प्रेषक: मृणाल

आनंदकाका, तुम्ही लिहिलंत तेच मला म्हणायचंय. आपल्या हॉलला जायला शेवटच्या टप्प्यात तो एक बदल आहे आणि रविवारी संध्याकाळी तो बदलच बंद होतो. एस-वन रात्री चालते. बस चालत नाही.

प्रसाददादा, गाडी नसल्याने शहरात आमचं काही अडत नाही. किटा (पाळणाघर) चालत पाच मिनिटांवर, ट्राम कोपऱ्यावर. शनिवारी गुटेनबर्गप्लात्सच्या बाजारातून भाजी सायकलच्या टोपलीत येते. २०२१ च्या डिसेंबरात ट्रामचा बोगदा सुरू झाला तेव्हापासून काइझरश्ट्रासेवर मुलांचा हात सोडून चालता येतं, आणि खालच्या स्टेशनांना लिफ्ट असल्याने बाबागाडी उचलावी लागत नाही. डॉइचलंडटिकिट (देशभर चालणारा महिन्याचा पास) ४९ युरोंचं ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३, हे खुपतं. तरी दोघांचे मिळून १२६ युरो होतात आणि त्यात धाकट्याचं काही पडत नाही, सहा वर्षांखालची मुलं फुकट. या पैशांत गाडीचा विमा, कर, टायर आणि पार्किंग बसेल का, तुम्हीच सांगा. सासूबाई आल्यावर आम्ही रविवारी राज्यभर चालणारं बाडेन-व्युर्टेम्बर्ग तिकीट काढतो, पाच जण दिवसभर फिरतात. फ्रॉयडनश्टाटपर्यंत जाऊन आलो. श्वार्त्सवाल्ड आम्हीही बघतो.

अडतं ते फक्त आपल्या लोकांकडे जाताना. मंडळाच्या कार्यक्रमाला, कुणाच्या बारशाला, कुणाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. सगळीकडे 'पार्किंग मुबलक' आणि नंतर 'अरे, कोणीतरी सोडेल की'. सोडतातही, प्रेमाने सोडतात. पण सोडणाऱ्याच्या वेळेला उठायचं, त्याचं जेवण झालं का बघत बसायचं, सासूबाई पान वाढून घेत असतील तेव्हा त्यांना घाई करायची. त्यांनी दिवाळीनंतर मला विचारलं, तुमच्याकडे गाडी नाही म्हणून आपण लवकर निघतो का. मी त्यांना काय सांगू?

वर्गणी सगळ्यांची सारखी आहे. या यादीवर जे नवीन आलेत त्यांतले बहुतेक गाडीशिवाय आहेत, विद्यार्थी तर सगळेच. त्यांना लिफ्ट नको, वेळापत्रकात जागा हवी आहे. हॉल ठरवताना भाडं, स्वयंपाकघर आणि ढोल हे तीन निकष आहेत. चौथा घाला: शेवटची ट्राम किंवा बस. वेळ ठरवतानाही आधी ती बघा.

यंदा हॉल बदलणार नाही, मान्य. मग आरती ओढून दुपारी घ्या. १६:३० ला आरती, लगेच पानं वाढायला सुरुवात, म्हणजे १८:३८ ची बस पकडता येईल.

प्रेषक: विद्या

गणपतीची आरती साडेचारला? दिवेलागणीला जी आरती होते तिची सर दुपारच्या आरतीला नाही. पुण्याला आमच्या वाड्यात सांजेच्या आरतीला सगळे बिऱ्हाडकरू जमायचे, तेवढ्यासाठी वडील ऑफिसातून धावत यायचे. हे कुठेतरी जपायला हवं ना?

प्रेषक: रश्मी

विद्याताई, वाड्यातले सगळे चालत येत होते म्हणून सगळे जमत होते.

प्रेषक: आनंद

दोन आरत्या करा. घरी सकाळ-संध्याकाळ दोनदा करतोच. साडेचारला मोठी, सगळे असताना. सातला पुन्हा एक, जे थांबतील त्यांची.

प्रेषक: संतोष

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट स्पष्ट करतो. हॉल कोणता घ्यायचा हे हॉल समिती ठरवते आणि ते काम यादीवरच्या पत्रांतून होणार नाही. समितीत तीन जागा रिकाम्या आहेत, मागच्या दोन सभांत कोणी हात वर केला नाही. मृणाल, ओंकार, तुम्ही दोघं या. शहरातले हॉल शोधायचे तर नोव्हेंबरपासूनच फोन करावे लागतात, जर्मनमध्ये, आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या फोनला नाही म्हणतात. चौथा निकष लिहून आणा, जानेवारीच्या सभेत मी स्वतः मांडतो.
यंदाची वेळ बदलतो. मुलांचे कार्यक्रम १३:३०, मोठी आरती १६:३०, जेवण १७:००. सातची आरती आनंदकाका म्हणतात तशी. पत्रक रात्री पुन्हा पाठवतो, त्यात एस-वन आणि बसच्या वेळा असतील.
आवराआवर करणाऱ्यांचं मात्र अजून ठरलेलं नाही. त्यांना आठच्या आधी सोडता येणार नाही.

प्रेषक: प्रसाद

त्यावर माझ्याकडे उपाय आहे. श्टाटमोबील या कार-शेअरिंगवाल्यांची नऊ जणांची गाडी त्या दिवसासाठी मी बुक करतो, माझं खातं आहे. साध्या लायसन्सवर चालक धरून नऊ चालतात. साडेआठ ते दहा मी हॉल ते एटलिंगन श्टाट स्टेशन अशा फेऱ्या मारतो, तिथून रात्रीही ट्राम मिळते. भाडं आणि इंधन मंडळाने द्यावं, बसणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही. खर्च वाटून घेतला तरी चालतं, पण त्याच्या वर पैसे घेतले की माणसं वाहून नेण्याचा परवाना लागतो, त्या फंदात नको.
ओंकार, शेवटच्या फेरीत तुम्ही आणि ढोल. तुम्ही बसल्याशिवाय मी हॉलची किल्ली परत देणार नाही.

प्रेषक: ओंकार

प्रसाददादा, आम्ही अकरा जण आणि तीन ढोल. दोन फेऱ्या धरा.
समितीत मी येतो. ओस्टश्टाटमधल्या एका चर्चच्या सभागृहाबद्दल वसतिगृहातल्या मुलांनी सांगितलंय, ट्रामच्या थांब्यासमोर आहे. स्वयंपाकघर किती मोठं ते उद्या बघून येतो.

प्रेषक: मृणाल

मीही येते समितीत. ओंकार, उद्या सहानंतर जाणार असशील तर थांब, सोबत जाऊ. दाराची रुंदी आणि पायऱ्याही बघायच्या आहेत, बाबागाडीसाठी आणि सासूबाईंसाठी.

प्रेषक: विद्या

नऊ जणांच्या गाडीत सुद्धा मुलांना सीट लागणारच. कोणाकडे वापरात नसलेल्या उंची वाढवायच्या गाद्या असतील तर त्यावर नाव लिहून आणा, मी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवते.
आणि जेवण पाचला म्हणजे मसालेभात साडेतीनला चढवावा लागेल. मोठं पातेलं दिवाळीनंतर कोणाच्या केलरमध्ये (तळघरात) राहिलंय? झाकणही त्याच्याबरोबरच होतं.

प्रेषक: रश्मी

पातेलं आमच्याकडे आहे. झाकण नाही. मी बोलरवागनमध्ये (हातगाडीत) घालून ट्रामने आणते, १०:३० पर्यंत पोचेन.