गॅसच्या वालुकाश्मात मॉडेलचा पी-वेग लॉगपेक्षा कमी का येतो?

ऐरोलीकर_संशोधक (प्रश्न)

नमस्कार. ऐरोलीतील नोकरी सांभाळून मी अर्धवेळ पीएच.डी. करते आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील गॅसधारी वालुकाश्मांच्या गुणधर्मांचे मॉडेल तयार करणे हा माझा विषय. माझ्याकडे तीन विहिरींचे लॉग (खोलीनुसार केलेल्या मोजणीच्या नोंदी) असून, पी-तरंगांच्या (दाबाच्या तरंगांच्या) वेगाखेरीज त्यांपैकी दोन विहिरींत एस-तरंगांचा (कातर तरंगांचा) वेगही मोजलेला आहे. गामा रे (नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या) लॉगवरून शेलचे (चिकणमातीच्या खडकाचे) प्रमाण आणि घनता लॉगवरून सच्छिद्रता काढून, झू-व्हाइट यांच्या १९९५ च्या पद्धतीने कोरड्या सांगाड्याचे (छिद्रे रिकामी धरलेल्या खडकाचे) मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचे माप, काढले आणि त्यात गॅसमनच्या समीकरणाने छिद्रांतील द्रव (पाणी व गॅस) भरला. पाणी आणि गॅसचे मिश्रण हार्मोनिक सरासरीने (व्यस्तांच्या सरासरीने) घेतले आहे.

पाण्याच्या वाळूत आणि शेलमध्ये मॉडेल लॉगवर छान बसते. गॅसच्या थरात मात्र पी-तरंगांचा वेग मोजलेल्या वेगापेक्षा स्पष्टपणे कमी येतो. वाळूच्या छिद्रांचा अॅस्पेक्ट रेशो (जाडी-लांबीचे गुणोत्तर; कमी म्हणजे छिद्र चपटे) तेवढ्या थरापुरता ०.१२ वरून ०.१५ करावा, म्हणजे वक्र जुळेल, असे मला सुचवण्यात आले. आणि तो जुळतोही, पण मनाला पटत नाही. नवी मुंबईत ज्यांना विचारावे त्यांचा बहुतेक अनुभव मुंबई हायच्या चुनखडकातला आहे, त्यामुळे येथे विचारते.

कोपरीकर

आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. एकाच वाळूच्या वरच्या भागात गॅस आणि खालच्या भागात पाणी असेल, तर केवळ द्रव बदलला म्हणून छिद्रांचा आकार बदलण्याचे कारण नाही. गॅस लवकर साठल्यामुळे क्वार्ट्झचे सिमेंटिंग मंदावले असा युक्तिवाद कोणी करू शकेल, परंतु तसे झाले असल्यास गॅसचा थर उलट अधिक मऊ असायला हवा आणि आपल्याला तर तो अधिक ताठ करायला सांगितले जात आहे.

सांगाडा चुकला की द्रव चुकला, हे ठरवण्यासाठी त्या दोन विहिरींतील एस-वेग पाहा. गॅसमनच्या मांडणीत शिअर मॉड्युलसवर (आकार बदलण्याला होणाऱ्या विरोधावर) द्रवाचा परिणाम होत नाही, म्हणून एस-वेगात द्रवाचा शिरकाव होतो तो फक्त घनतेच्या वाटेने. मॉडेलमधील पी आणि एस दोन्ही कमी येत असतील, तर संशय सच्छिद्रतेवर घ्यावा. एस जुळत असेल आणि केवळ पी कमी असेल, तर सांगाड्याला हात लावू नये.

सच्छिद्रतेबाबत एक उदाहरण देतो. लॉगवरील घनता २.२० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि क्वार्ट्झची २.६५ धरली, तर द्रवाची घनता १.० घेतल्यास सच्छिद्रता सुमारे २७ टक्के येते आणि ०.६ घेतल्यास सुमारे २२ टक्के. गॅसच्या थरातही पाण्याचीच घनता वापरली गेली असेल, तर मॉडेलला खडक उगीचच पोकळ दिसतो.

खारघर_लॉगवाला

कोपरीकरांशी सहमत आहे, पण माझ्या मते आपला खरा दोष हार्मोनिक सरासरीत आहे. पाण्याचा बल्क मॉड्युलस (दाबले जाण्याला होणारा विरोध) २.५ गिगापास्कल आणि गॅसचा ०.०५ गिगापास्कल धरून हिशेब करून पाहा. गॅस ७५ टक्के असेल तर मिश्रणाचा मॉड्युलस सुमारे ०.०७ येतो आणि २५ टक्के असेल तरी जेमतेम ०.१९. विहिरीच्या भिंतीलगत खोदकामात वापरलेल्या चिखलाचे पाणी शिरून तेथे पाण्याचे प्रमाण वाढते आणि सोनिक लॉग (तरंगांचा वेग मोजणारा) बहुधा तोच भाग वाचतो, हे सर्वांना ठाऊक असते; परंतु हार्मोनिक सरासरी कायम ठेवून केवळ ही दुरुस्ती केली, तर पी-वेग फारसा हलत नाही, कारण तेथे थोडा गॅस उरतोच आणि तेवढा उरलेला गॅसही मिश्रण मऊ करायला पुरतो.

सोनिक लॉग किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मोजतो. इतक्या वेळात गॅसच्या आणि पाण्याच्या कप्प्यांमधील दाब समान होईलच असे नाही, आणि हार्मोनिक सरासरी नेमके तेच गृहीत धरते. पाणी-गॅस मिश्रणाचा मॉड्युलस काढण्याचे ब्री यांचे १९९५ चे सूत्र घातांक ३ ठेवून वापरले, तर त्याच २५ टक्के गॅसला सुमारे १.०८ गिगापास्कल मिळतात, म्हणजे पाच पटींहून अधिक.

आपल्या विहिरीत उथळ (भिंतीलगतच्या) आणि खोल (भिंतीपासून दूरच्या) रोधकतेचे, म्हणजे विद्युत विरोधाचे, वक्र एकमेकांपासून फाकलेले आहेत का? असतील तर ती चिखलाचे पाणी आत शिरल्याची खूण.

ऐरोलीकर_संशोधक

दोघांचेही आभार. दोन्ही विहिरींत एस-वेग चांगला जुळतो, फरक फक्त पी-वेगात आहे. आणि गॅसच्या थरात उथळ व खोल रोधकता स्पष्टपणे फाकलेली आहे. आता शंका अशी की, ब्रीचा घातांक हवा तसा फिरवला, तर तोही अॅस्पेक्ट रेशोसारखाच सोयीचा खुंटा ठरणार नाही का? परीक्षक हे विचारणारच.

खारघर_लॉगवाला

ठरेल, जर तो थराथराला वेगळा ठेवलात तर. म्हणून उथळ रोधकतेवरून आधी भिंतीलगतची पाण्याची संपृक्तता (छिद्रांतील पाण्याचा वाटा) काढा, घनतेवरून सच्छिद्रता काढतानाही तेथील द्रवाचीच घनता वापरा, मग एस-वेग असलेल्या एका विहिरीत घातांक एकदाच ठरवा आणि दुसऱ्या विहिरीत तो न बदलता पी आणि एस दोन्ही तपासा. एस-वेग नसलेली तिसरी विहीर केवळ पी-वेगासाठी राखून ठेवा, तिच्यावर काहीही जुळवू नका.

भूकंपीय माहितीशी तुलना करताना मात्र द्रव पुन्हा बदलावा लागेल. तेथे खोल रोधकतेवरची मूळ संपृक्तता घ्या आणि कंप्रता काही दशक हर्ट्झचीच असल्याने हार्मोनिक सरासरीकडे परत या. प्रबंधात हे दोन संच वेगळे ठेवून त्यांची कारणे लिहिलीत, तर परीक्षकांच्या त्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळेल.

कोपरीकर

एक भर घालतो. गॅसमनचे समीकरण संपूर्ण थरावर लावण्याआधी शेल वाळूत कशी पसरली आहे ते थॉमस-स्टीबर आलेखावर (सच्छिद्रता आणि शेलच्या प्रमाणावरून शेलची मांडणी दाखवणाऱ्या) पाहून घ्या. ती पातळ पदरांच्या रूपात असेल, तर द्रव फक्त वाळूच्या पदरांत बदलावा आणि नंतर सरासरी घ्यावी, कारण शेलमधील पाणी तेथून हलत नाही. कोअरचे (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्याचे) फोटो उपलब्ध असतील तर ते आधी पाहा. येथील पारसिक डोंगराच्या बेसाल्टकडे पाहत आपण वालुकाश्माची कल्पना करतो, त्यामुळे कोअर डोळ्यांनी पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नका.