परक्या देशातील युद्धात स्वेच्छेने गेलेल्यांचा भ्रमनिरास नेमका कशाने होतो?

अनघा_कल्याण

२०१४ च्या मे महिन्यात आमच्या कल्याणमधील चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर बगदादला गेले आणि तेथून ‘इस्लामिक स्टेट’मध्ये सामील झाले. त्यांच्यापैकी एक जण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला व त्याला अटक झाली. लढण्याऐवजी आपल्याला शौचालये धुण्याचे आणि पाणी भरण्याचे काम दिले गेले, असे त्याने चौकशीत सांगितल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या होत्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. हा विषय वर्गात निघाला की मुले ‘ब्रेनवॉश’ हा एकच शब्द उच्चारून मोकळी होतात, आणि मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. शिकलेली, घरदार असलेली माणसे परक्यांच्या युद्धात का उतरतात, आणि पुढे त्यांचा विश्वास उडतो तो ध्येयावरचा की ते ध्येय सांगणाऱ्या माणसांवरचा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मुसाफिर

अनघाताई, माझा अभ्यास स्पेनच्या यादवी युद्धापुरता आहे, म्हणून तेथलेच सांगतो. तेथे बंडखोर होता सेनापती फ्रँको, आणि परदेशी स्वयंसेवक लोकनियुक्त सरकारच्या बाजूने लढले, हा फरक आधी नोंदवायला हवा. आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये ५० हून अधिक देशांतील सुमारे ३५ हजार माणसे आली. त्यांत खाणकामगार, गोदी कामगार आणि बेकार तरुण मोठ्या संख्येने होते. जर्मनी-इटलीतून परागंदा झालेले, स्वतःच्या देशात ज्या लढाईची संधीच उरली नव्हती ती येथे लढू पाहणारेही होते. हिटलर आणि मुसोलिनी फ्रँकोला उघड मदत करीत असताना ब्रिटन व फ्रान्स अहस्तक्षेपाचे धोरण धरून बसले होते. ‘आपले सरकार काही करीत नाही, तर निदान आपण तरी जाऊ’ ही भावना त्यातून आली, आणि माझ्या मते माणूस घर सोडतो त्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते.

पोहोचल्यावर काय वाट्याला आले ते पाहा. फेब्रुवारी १९३७ मध्ये हारामा नदीच्या खोऱ्यात ब्रिटिश बटालियन प्रथमच लढाईत उतरली, तेव्हा तिच्या मशीनगनच्या पट्ट्यांत चुकीची काडतुसे भरलेली निघाली. सुमारे ६०० जणांपैकी पहिल्या दिवसाअखेर धडधाकट उरले ते सव्वादोनशेच्या आसपास. तरीही बहुतेकांचा विश्वास अशा संहाराने मोडला नाही. काही महिन्यांनी घरी जाता येईल अशा समजुतीने आलेल्यांना युद्ध संपेपर्यंत सुटका नाही असे सांगण्यात आले, आणि ब्रिगेडच्या अल्बासेते येथील तळावर आंद्रे मार्ती या फ्रेंच कम्युनिस्ट प्रमुखाला जिकडेतिकडे हेर दिसू लागले. पळून जाणारे आणि संशयित यांना आपल्याच बाजूच्या तुरुंगात टाकले गेले, काहींना गोळ्याही घातल्या गेल्या. विश्वासाला तडा गेला तो तेथे.

जॉर्ज ऑर्वेल ब्रिगेडमध्ये नव्हता, ‘पोउम’ या स्टालिनविरोधी लहान डाव्या पक्षाच्या पथकात होता. मे १९३७ मध्ये त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली, आणि जूनमध्ये त्याच्याच पक्षावर हेरगिरीचा आळ घेऊन बंदी आल्यामुळे त्याला पत्नीसह लपतछपत सीमा ओलांडावी लागली. पण त्याच महिन्यात त्याने एका मित्राला लिहिले की, समाजवादावर आपला खरा विश्वास आता बसला आहे. तुमच्या प्रश्नातील दुसऱ्या भागाचे उत्तर मला या पत्रात दिसते.

नागपूरकर_जुना

मुसाफिर यांच्या म्हणण्याला पुष्टी देणारे एक मराठी नाव आहे. नागपूरचे गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पुढे पत्रकारितेच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९३७ मध्ये ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन स्पेनमध्ये लढायला उतरले. १९३८ मध्ये ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले व कैदेत राहिले. सुटून भारतात आल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणजे कैदेने त्यांची निष्ठा घटली नाही. शत्रूचा तुरुंग माणूस सोसतो, कारण तो त्याने गृहीतच धरलेला असतो.

सीमा_वाचते

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले. मात्र ‘इस्लामिक स्टेट’ला स्पेनच्या मापाने मोजताना जपायला हवे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अभ्यासकांनी २०१५ मध्ये या संघटनेतून बाहेर पडलेल्या ५८ जणांची कथने तपासली. इतर सुन्नी गटांशीच लढावे लागणे, सुन्नी मुसलमानांवरही होणारे अत्याचार, म्होरक्यांचा भ्रष्टाचार आणि पक्षपात, आणि अपेक्षेहून हलाखीचे जीवन, अशी कारणे त्यांतून पुढे आली. इराकमधील यझिदी या अल्पसंख्य समाजाच्या स्त्रियांची विक्री, बिगरसुन्नींचे शिरकाण यांचा उल्लेख मुख्य कारणांत नाही, हे मला फार अस्वस्थ करते. असा भ्रमनिरास म्हणजे पश्चात्ताप नव्हे. शिवाय परतलेल्याच्या डोक्यावर खटल्याची टांगती तलवार असते, त्यामुळे ‘मी केवळ पाणी भरत होतो’ हे कथन खरे असू शकते, तरी ते पारखूनच घ्यावे लागते.

दोन्ही ठिकाणची एक बाब मात्र सारखी आहे, आणि ती विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. ‘इस्लामिक स्टेट’ने सीमेवर भरून घेतलेले अर्ज २०१६ मध्ये फुटले. त्यांत रक्तगट कोणता, शिफारस कोणाची, लढवय्या व्हायचे की आत्मघातकी, असे रकाने होते. आत शिरताना पासपोर्ट काढून घेतले जात. स्पेनमध्येही स्वयंसेवकांचे पासपोर्ट जमा होत आणि ते सोव्हिएत गुप्तहेरांच्या कामी येत; १९४० मध्ये मेक्सिकोत स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्की याचा खून करणारा ज्या कॅनेडियन पासपोर्टवर वावरत होता, तो मुळात स्पेनमध्ये मेलेल्या एका स्वयंसेवकाचा होता.

अनघा_कल्याण

सर्वांचे मनापासून आभार. सीमाताई, पुढच्या तासाला मी त्या अर्जातील रकानेच फळ्यावर लिहीन, आणि यांतला कोणता रकाना भरताना तुमचा हात थांबेल, एवढेच मुलांना विचारीन.