कात्रणं लॅमिनेट करू नका, क्रम मोडू नका

सीमाभागातल्या एका पत्रकाराची जुनी कात्रणं आणि टिपणं जपण्यासाठी ती लॅमिनेट करून विषयवार लावायचं कुणीतरी सुचवलंय. कृपया दोन्ही टाळा. वृत्तपत्राच्या कागदातलं आम्ल प्लास्टिकच्या आतही कागद खात राहतं आणि लॅमिनेशन नंतर सुटत नाही.

क्रम तर त्याहून मोलाचा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाबद्दलच्या टिपणाला खानापूर-निपाणीची कात्रणं टाचलेली असतील, तर लेख कशातून उभा राहिला ते त्या जोडणीतच दिसतं. आधी गठ्ठा आहे तसाच फोटोत घ्या. प्रत्येक पानामागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने ‘गठ्ठा ३, पान १२’ असं लिहा. मगच पिना काढा. गंजलेली स्टेपलरची पिन ओढली की कागदाचा तुकडाच हाती येतो. मागची टोकं आधी सरळ करा.

फॅक्सचे थर्मल कागद सर्वांत आधी स्कॅन करा, त्यांवरची अक्षरं उडून जातात. हस्तलिखितं ४०० डीपीआयवर (इंचामागे ४०० ठिपके) स्कॅन करा, रंगीतच. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये समासातल्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या हरवतात आणि खरा पत्रकार तिथंच भेटतो.

बेळगावच्या पावसाळ्यात गठ्ठे उघडू नका. दमट कागद बंद पेटीत गेला की बुरशी धरतो. या कामाला जानेवारी ते मार्च उत्तम. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.