'राइट-ऑफ'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, ऐरोलीहून: नोकरी गेली तेव्हा भावाने क्रेडिट कार्डाचे पैसे थकवले होते. आता त्याने गृहकर्ज मागितलं, तर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालात त्या खात्यापुढे 'रिटन-ऑफ' निघालं आणि अर्ज फेटाळला गेला. बाबा म्हणतात, राइट-ऑफ म्हणजे माफ. मग अडवलं का?

उत्तर, नौपाड्याहून: ताई, घोळ 'माफ' या शब्दाचाच आहे. माफीत धनको आपला हक्क सोडतो. राइट-ऑफला सरकारी मराठीत 'निर्लेखन' म्हणतात. कचेरीतलं मोडकं कपाट निर्लेखित झालं की भंगारात जातं, विषय संपतो. कर्जाचा संपत नाही. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादक, म्हणजे बँकेला उत्पन्न न देणारं ठरतं. पुढे बँक तोटा सोसून ते आपल्या ताळेबंदातून काढते. हा बँकेच्या वहीतला हिशेब झाला. भाऊ देणं लागतोच आणि वसुलीही थांबत नाही. पतपेढीत आम्ही 'बुडीत खाती टाकलं' म्हणायचो. मला तोच शब्द प्रामाणिक वाटतो, कारण त्यात सुटल्याचा भास नाही.

ऐरोली: दादा, बँक निम्म्यात 'सेटलमेंट' करायला तयार आहे. घ्यावी का?

नौपाडा: ती तडजोड. अहवालात 'सेटल्ड' लागतं, म्हणजे पूर्ण पैसे आले नाहीत, असं पुढची बँक वाचते. जमत असेल तर सगळं भरा आणि बेबाकीचा दाखला घ्या. सुंदर शब्द आहे: बे-बाकी, काहीच न उरलेलं. हिंदीत बेबाक म्हणजे निर्भीड, त्याच्याशी गल्लत नको. शेतकऱ्याला गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीकडून मिळतो तोच हा दाखला; शहरात त्यालाच 'नो ड्यूज' म्हणतात. ३०० ते ९०० मधला सिबिलचा गुणांक मात्र लगेच उडी मारणार नाही. पुढचे हप्ते वेळेवर जात राहिले की सावकाश चढतो.

वाशीहून: स्टेशनबाहेर एकजण पैसे घेऊन 'सिबिल साफ' करून देतो म्हणाला.

नौपाडा: पैसे देऊ नका, कळकळीने सांगतो. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. चुकीची असेल तर 'दुरुस्ती' मागता येते, तीही फुकट. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वर्षातून एकदा पूर्ण अहवालही मोफत मिळतो.

ऐरोली: बाबांना 'बेबाकी' लगेच कळलं. आजोबांच्या सोसायटीच्या कर्जाचा तसा कागद अजून ट्रंकेत आहे म्हणाले.